जिन्यावरच्या लढाईचा नंबर

कुलरमामा तलवारबाजीचा सिनेमा आवाज बंद करून पाहायचे. टीव्हीसमोर बसले की आधी रिमोट हातात घ्यायचे, आवाज पार शून्यावर आणायचे आणि मगच पाय पसरायचे. "बाजा बंद कर बे. बाजा खोटं बोलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पडद्यावर राजवाडे कोसळताहेत, जहाजं एकमेकांवर आदळताहेत, आणि खोलीत आवाज कसला, तर मामांच्या कुलरचा. तोही खडखडणारा. अख्ख्या दारव्ह्याचे कुलर दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरचा कुलर कधी धड नव्हता.

आमच्या वस्तीत विहाराच्या मागे त्यांचं पत्र्याचं शेड होतं; घर, दुकान, टीव्ही सगळं तिथंच. होळी झाली की शेडसमोर कुलरांची रांग लागायची. मामा कुलरच्या बाजूच्या जुन्या ताट्या उचकटायचे, नवं गवत भरायचे, पंपात अडकलेला कचरा काढून मालकाला दाखवायचे. "हे पाह्य, वर्षभर तुह्या कुलरनं काय खाल्लं." संध्याकाळी हात धुऊन विहारापुढच्या मैदानात लाठीचा वर्ग. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीची लाठी सगळ्यात पुढे असायची ती मामांमुळे. सख्खा भाचा त्यांना एकही नव्हता, पण मामा मात्र ते सगळ्यांचेच होते.

ती सात भागांची परदेशी मालिका तुम्ही पाहिली असेल, नाहीतर तिच्यासारखी दुसरी एखादी. आकाशातली राज्यं, ग्रहाग्रहांचे राजे, सूर्य विझवणारी यंत्रं, आणि इतकं सगळं हाताशी असूनही भांडण शेवटी तलवारीनंच मिटवायचं. उन्हाळ्याच्या दुपारी ती हिंदीत लागायची. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात दुसऱ्यांदा होतो. घरचा कुलर घेऊन शेडवर गेलो आणि मामा म्हणाले, "बस. लढाई सुरू होऊन राह्यली." बसलो तो पाच उन्हाळे उठलोच नाही.

मामांना कथा कधी कळली नाही आणि कळून घ्यायचीही नव्हती. कोणत्या राणीला कोणाचा शाप, कोण कोणाचा हरवलेला भाऊ, हे मी उत्साहानं सांगायला लागलो की ते हात झटकायचे. "थे राहू दे. पायाकडं ध्यान दे. तलवार फसवते, पाय फसवत नाई." त्यांनी पात्रांना स्वतःची नावं ठेवली होती. लंगडा सुभेदार, निळी बाई, दोघी बहिणी. निळ्या बाईवर त्यांचा राग होता. वार येताना ती डोळे मिटायची. "डोळे मिटले का बाद," मामा म्हणायचे. "जितली तरी बाद. वार येताना पाह्यलंच नाई तं लढली कशी?" वर्गातल्या पोरांनाही हाच नियम होता. समोरच्याची काठी नाकाशी येऊन वीतभर अंतरावर थांबायची, आणि ज्याची पापणी लवली त्याला मैदानाला तीन चकरा.

आणि मग ती यादी! कुलरच्या मागचा एक जुना पत्रा शेडच्या भिंतीला टांगलेला होता. त्यावर मालिकेतल्या दहा लढायांचे नंबर. दर उन्हाळ्यात मामा कपड्यानं पत्रा पुसायचे आणि खडूनं नवे नंबर लिहायचे. पुढे एका ओळीत शेरा. दोन नंबर, पाण्यातली, दम पाहावा. पाच, दोघी बहिणींची, लहानीचा डावा पाय चोर. नऊ, फुटक्या चंद्रावरची, नाच लय. ही फुटक्या चंद्रावरची म्हणजे अख्ख्या जगाची लाडकी लढाई. पंधरा मिनिटं चालते, चंद्राचे तुकडे उडतात, लोक टीशर्टावर छापून फिरतात. मामांनी तिला नऊच्या वर कधी येऊ दिलं नाही. मी हुज्जत घालायचो. "मामा, लोक वेडे आहेत का?" तर म्हणायचे, "एवढ्या वेळात मी चार ताट्या भरतो बे. एकालाही वार लागला काय? बह्याड हायेत दोघंही."

दोन ते दहा दरसाल बदलायचे. एक नंबर मात्र खडूनं लिहिलेला नव्हता. तो ऑइल पेंटनं होता. 'एक. जिन्यावरची.' पुढे शेरा नाही.

जिन्यावरची लढाई तिसऱ्या भागात आहे आणि मिनिटभरसुद्धा नाही. थिएटरात लोक त्या वेळी लघवीला जातात. एक म्हातारा पहारेकरी जहाजाच्या जिन्यात उभा आहे. खालून एक बंडखोर पोरगा तलवार घेऊन चढतो. चार-सहा वार होतात, पोरगा घसरतो, म्हाताऱ्याची तलवार त्याच्या तोंडावर येते आणि थांबते. म्हातारा एक पायरी मागे सरकतो, कपाळाला तलवार लावून सलामी देतो, पोरगा उठून पळून जातो. संपलं. पुढच्या चार भागांत म्हातारा पुन्हा दिसतही नाही. मी शंभरदा विचारलं, "मामा, यात काय आहे?"

"थो थांबला."

"अहो पण जिंकलं कोण?"

"थांबला ना बे," मामा म्हणायचे आणि पुन्हा टीव्हीकडे वळायचे.

शेडवर आणखी एक माणूस कायम असायचा, दादाराव. मामांचे लहानपणापासूनचे दोस्त, मंडपाच्या कामावर जायचे. त्यांचा उजवा डोळा गेलेला होता. तरणेपणी पऱ्हाटी उपटताना खुंट लागला, असं ते सांगायचे आणि सगळी वस्ती तेच मानायची. कापसाच्या मुलखात असं होतंही. चहा ओतताना ते आधी किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायचे आणि मग ओतायचे. एका डोळ्याला अंतर कळत नाही. लाठीच्या वर्गाला ते रोज यायचे, ओट्यावर बसायचे, पण काठीला हात लावायचे नाहीत. सिनेमात मात्र मामांच्या शेजारी त्यांची जागा ठरलेली. जिन्यावरची लागली की "लावली काय पुन्हा," असं पुटपुटायचे आणि टीव्हीकडे न पाहता मामांकडे पाहत राहायचे. मला वाटायचं, दादाराव कंटाळले. मी मोठा जाणकार ना!

सातवा भाग थिएटरात लागला तेव्हा आम्ही तिघं काळीपिवळीनं पुसदला गेलो. मामांना एकच काळजी होती, थिएटरचा आवाज बंद कोण करेल? वाटेत जीप थांबली तेव्हा त्यांनी रस्त्याकडेच्या वावरातलं एक बोंड तोडलं, कापसाचे दोन बोळे केले आणि सिनेमाभर कानात घालून बसले. मध्यंतरात चेहरा खुलला होता. "उत्तम चाललं हाय. कोणी काही बोलूनच नाई राह्यलं." शेजारचं कुटुंब हसून बेजार. मीही हसलो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी पुण्याला गेलो. नोकरी लागली, नोकरी सुटली. रिकामं डोकं आणि हातात मोबाईल, यातून जे होतं ते झालं. एका मित्राबरोबर सिनेमांवर व्हिडिओ करायला लागलो. दहा-बारा व्हिडिओ कुत्र्यानंही पाहिले नाहीत. मग मला पत्रा आठवला. सात भागांतल्या तलवारयुद्धांची क्रमवारी! मी मामांचे शेरे घेतले, त्यांचे नियम घेतले, आवाज बंद करून लढाई दाखवायची ही युक्तीसुद्धा घेतली. 'पाय फसवत नाहीत' हे वाक्य मी कॅमेऱ्यात पाहून असं टाकलं की जणू रात्रंदिवस तपश्चर्या करून मला सुचलं. मामांचं नाव घेतलं नाही. स्वतःशी म्हटलं, यादी तशी दोघांचीच आहे, पेनड्राइव्हवर सातही भाग मीच तर आणले होते. चोराला कारण कधी कमी पडत नाही.

एक नंबरवर मित्र अडला. "हे काय आहे? हा म्हातारा कोण? शेवटी हे दाखवलं तर लोक शिव्या देतील." मी वाद घालू शकलो असतो. पाच उन्हाळे मी हाच वाद उलट्या बाजूनं घातला होता. पण मी म्हटलं, बरोबर आहे. फुटक्या चंद्रावरची लढाई आम्ही एक नंबरला बसवली. आणि जिन्यावरची? ती नुसती गाळलीही असती तरी चाललं असतं. पण मला गंमत सुचली. तिला दहाव्या नंबरला टाकलं आणि वर म्हटलं, "म्हाताऱ्यानं वार केला नाही, कारण पेन्शन जवळ आली होती!" मागे हसण्याचा आवाज लावला, आणि ढोल.

व्हिडिओ चालला. असा चालला की आम्हालाच खरं वाटेना. दारव्ह्यात फोनाफोनी झाली, वस्तीच्या ग्रुपवर तो दहादा फिरला, आईनं पेढे वाटले. पेन्शनचा विनोद लोकांनी उचलला. एखादा माणूस कामातून उठून गेला की, 'पेन्शन जवळ आली वाटतं,' असं म्हणायची पद्धतच पडली. सगळ्यांचे फोन आले. शेडवरून आला नाही.

एप्रिलमध्ये जयंतीला गावी गेलो तेव्हा मी ताठ मानेनं शेडवर गेलो. हो, ताठ मानेनं. वाटलं होतं, मामा खूश असतील. मामा ताटीत गवत भरत होते, दादाराव बाजूला सुतळी धरून बसले होते. भिंतीवरचा पत्रा पुसलेला होता. दोन ते दहा नव्हतेच. फक्त ऑइल पेंटचा 'एक. जिन्यावरची.' तेवढा राहिला होता.

"पाह्यला तुहा व्हिडिओ," मामा म्हणाले. "दादारावच्या फोनवर पाह्यला. दोघांनीही."

मी काहीतरी म्हणायला गेलो, की नाव घ्यायचं राहून गेलं, पुढच्या वेळी नक्की घेतो. त्यांनी गवताचा हात वर करून थांबवलं.

"नावाचं काई नाई. दोन ते दहा तू घेऊन गेला, बरं झालं. तुह्या कामी आले. मी थोडीच त्याची भाजी करणार होतो? पण एक काहून हालवला?"

"मामा, लोकांना ती आवडत नाही हो. पाहतच नाहीत लोक."

"आवडाले थे काय लग्नातली बुंदी हाय?" आवाज चढला नाही, उलट उतरला. "माहं नाव नको घेऊ. मले पेढाही नको. फक्त एक नंबर जागेवर ठेव. ठेवशीन काय?"

"ठेवतो," मी म्हणालो. तीन अक्षरं. माझ्या तोंडातून निघायला काही जड गेली नाहीत.

स्टँडपर्यंत दादाराव माझ्यासोबत चालत आले. कधी येत नसत. चौकात, जिथं मिरवणूक थांबते आणि लाठीचे हात होतात, तिथं ते उभे राहिले. "इथं," म्हणाले, "माह्या डोळ्याले पऱ्हाटी-बिऱ्हाटी काई नाई लागली. थे मी लोकायले सांगतलं. आम्ही दोघं खेळून राह्यलो होतो. जयंतीच होती. बँडवाला असा पेटला होता का काई ऐकू येत नव्हतं. माहा पाय घसरला. मी वरडलो, थांब. त्याले ऐकू नाई गेलं."

ते चौकाकडे पाहत होते.

"त्या दिवसापासून त्याले बाजा चालत नाई. अन् तुह्या त्या सिनेमातला थो म्हातारा थांबला, म्हून त्याचा एक नंबर. दरसाल मले शेजारी बसवते अन् दाखवते. तोंडानं कधी बोलला नाई. बोलाची गरजही नव्हती. मी समजून घेत होतो ना." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू हसला त्याच्यावर. ढोल लावून हसला. आता एवढं कर. अन् हे व्हिडिओत नाई सांगाचं."

आता जे सांगतो ते ऐकून तुम्ही मला नावं ठेवाल, आणि ठेवाच. गाडीत बसल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं आहे. पण पुसद यायच्या आत माझ्या डोक्यात दुसरा विचार आला, की ही गोष्ट सांगितली तर पहिल्याहून जास्त चालेल. व्हिडिओच्या तोंडाला लावायचं चित्रसुद्धा मी मनात काढून ठेवलं, अर्धा म्हातारा, अर्धी तलवार. ते मी केलं नाही. पण केलं नाही ते धाकानं, चांगुलपणानं नाही.

आणि एक नंबर? मित्र म्हणाला, आत्ता मध्येच यादी बदलली तर लोक थट्टा करतील, पुढचा व्हिडिओ येऊ दे. पुढचा आला. मग म्हणाला, त्यानंतरचा येऊ दे. मी हो म्हणत गेलो. आई फोनवर सांगायची, मामा विचारत होते, पोट्ट्याचं काही नवीन आलं काय. त्यांनी फोन घेतला नव्हता. आईच्या फोनवर ते दर आठवड्याला येऊन पाहून जायचे, आवाज बंद करून. मला वाटायचं, कौतुकानं पाहतात. खोटं. ते कशासाठी पाहत होते ते मला पक्कं ठाऊक होतं. माझी जीभ जशी तेव्हा वळली तशी आताही वळते, सवय वाईट.

दिवाळीच्या आधी मामा गेले. शेडमध्येच, दुपारी, बसल्या बसल्या. मला कळलं तेव्हा मी एका नव्या सिनेमाच्या दहा सर्वोत्तम स्फोटांची यादी करत होतो.

पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. विहारात पुण्यानुमोदनाला लोक जमले. जो उठला तो मामांच्या लाठीबद्दल बोलला, कुलरबद्दल बोलला. कोणीतरी माझ्याकडे हात करून म्हणालं, त्यांच्याच मांडीवर आपला हा हिरा घडला. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली तर लोकांना तो नम्रपणा वाटला. दादाराव बोलायला उठले नाहीत.

पुण्याला परत जाऊन मी चार दिवसांत नवी यादी केली. एक नंबर जिन्यावरची. मामांचं नाव घेतलं, आवाज बंद ठेवला, विनोद केला नाही. कोणी पाहिली नाही. खाली पहिली प्रतिक्रिया आली, 'पेन्शनवाला म्हातारा एक नंबर? भाऊ, काय घेऊन बसलास?' माझाच विनोद माझ्याच दारात येऊन बसला होता. पाहणारा जो एक माणूस होता तो राहिला नव्हता, आणि त्याला सहा महिने मी 'ठेवतो' या शब्दावर बसवून ठेवलं होतं.

या वर्षी जयंतीला पुन्हा गेलो. शेड बंद होतं. दादाराव विहाराच्या ओट्यावर एकटेच बसले होते. मांडीवर मामांची काठी आडवी. मी शेजारी बसलो. नव्या यादीचं सांगितलं. "पाह्यली," म्हणाले. मग मी म्हणालो, "दादाराव, मला हे लिहायचंय. डोळ्याचंही. तुम्ही नाही म्हणाल तर नाही लिहिणार."

"थो होता तवर नाई म्हणलो असतो," ते म्हणाले. "आता लिही. लिहिलेल्याले बाजा नसते."

मला वाटलं, माफी मिळाली. मी उठून त्यांच्या पायांकडे वाकलो. त्यांनी काठीच्या टोकानं मला सरळ केलं.

"मैदानात चाल. उभा राह्य तिथं. हालायचं नाई."

चौकात डोळा गेला त्या दिवसानंतर दादारावांनी काठी धरल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी सलामी दिली, पाय मांडले. मामा सांगायचे तसे, डावा पुढे, टाच हलकी. काठी एकदा डोक्यावरून फिरली, दोनदा फिरली, आणि मग ती माझ्या उजव्या डोळ्याकडे आली. किटलीची चोच कपाला टेकवून चहा ओतणारा माणूस होता तो.

लागली नाही. नंतर कानांवर आलं ते फक्त त्यांचं बोलणं, "हा एक नंबर," आणि दूर जाणाऱ्या चपलांचा आवाज. काठी किती अंतरावर थांबली ते मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटले होते.